२५ हजारांत कोर्ससाठी पहिला कॅमेरा: मेगापिक्सेल राहू द्या, हॉटशू बघा

आधी थोडक्यात सांगतो. दुकानातलं नवं डबल लेन्स किट घेऊ नका, आणि शेजाऱ्यांचा जुना निकॉन डी३२०० कॅमेरा त्याची लेन्स तपासल्याशिवाय घरी आणू नका. आता सविस्तर.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लेक पुण्यात फोटोग्राफीच्या बेसिक कोर्सला जाणार आहे, हाताशी २५ हजार आहेत, आणि संस्थेच्या यादीत फक्त ‘मॅन्युअल मोड असलेला डीएसएलआर किंवा मिररलेस’ एवढंच लिहिलंय. रत्नागिरीतला दुकानदार कॅनन ३०००डी दोन लेन्ससकट हप्त्यावर देतोय. शेजाऱ्यांकडे निकॉन डी३२०० बरीच वर्षं कपाटात पडून आहे. आणि घरच्यांचं म्हणणं, एवढा महागडा फोन आहे की, त्यावर शिकू दे.

फोनचं पटकन संपवतो. फोनमध्ये शटरचा वेग आणि आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील, तो आकडा) हाताने बदलता येतात, पण जवळजवळ सगळ्या फोनचं अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, कायमचं ठरलेलं असतं. कोर्सचा पहिला महिना त्या अपर्चरवरच जातो. एफ/१.८ ला (मोठं छिद्र) मागचं धूसर होतं आणि एफ/११ ला (लहान छिद्र) स्पष्ट दिसतं, हे फोनवर करून बघताच येत नाही; पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा सॉफ्टवेअरचा. मोठ्या झूमच्या, लेन्स न बदलता येणाऱ्या ‘ब्रिज’ कॅमेऱ्यांनाही नाही म्हणा; त्यांचं अपर्चर बदलतं, पण सेन्सर लहान असल्याने हा फरक फारसा दिसत नाही. पक्ष्यांसाठी गाजलेल्या निकॉन पी९०० ला तर रॉ फाइलसुद्धा (सेन्सरकडून आलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) देता येत नाही, आणि एडिटिंगच्या तासाला रॉ लागतेच.

आता ३०००डी. २०१८ चा कॅमेरा, त्यातून फोटो वाईट येत नाहीत. अडचण वेगळीच आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची जी खाच असते, तो हॉटशू; त्याच्या मधोमध एक पिन असते. कंपनी कुठलीही असो, साधा फ्लॅश किंवा स्टुडिओतला ट्रिगर (दूर ठेवलेला फ्लॅश पेटवणारं छोटं यंत्र) त्या मधल्या पिनेवर चालतो. कॅननने ३०००डी आणि १५००डी या दोन्हींतून ती पिन काढून टाकली. २००डी मार्क टू मध्येही ती नाही. लाइटिंगच्या सत्रात सर एकच ट्रिगर एकामागून एक सगळ्यांच्या कॅमेऱ्यावर चढवतात. या कॅमेऱ्यांवर तो चालत नाही, आणि मुलगी दुसऱ्याचा कॅमेरा मागत बसते. कॅननसाठी खास बनवलेला ट्रिगर घेतला तर चालतो, पण तो खर्च वेगळा. गंमत म्हणजे त्याआधीच्या १३००डी ला ही पिन होती. शिवाय ३०००डी चं लेन्स माउंट (लेन्स जिथे बसते ती कडी) प्लास्टिकचं आहे आणि व्ह्यूफाइंडरला डायॉप्टर नाही, म्हणजे चष्म्याच्या नंबराप्रमाणे तो जुळवता येत नाही. लेकीला चष्मा असेल तर हे आधी विचारात घ्या.

दोन लेन्सचा मोहही सोडा. झूमची दुसरी लेन्स कोर्समध्ये बहुतेक बॅगेतच राहते. तेच पैसे ५० एमएम एफ/१.८ मध्ये घाला. कॅननची एसटीएम आवृत्ती नवी दहा हजारांच्या आगेमागे मिळते, जुनी त्याहून बरीच स्वस्त. किट लेन्सचं (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी लेन्स) अपर्चर झूम केल्यावर एफ/५.६ वर येतं, १.८ म्हणजे त्याच्या जवळजवळ दहापट उजेड. संध्याकाळी हॉस्टेलच्या खोलीतही सराव करता येतो.

शेजाऱ्यांचा डी३२०० मला नापसंत नाही. २०१२ चा, २४ मेगापिक्सेलचा, शिकायला पुष्कळ झाला, हॉटशूलाही मधली पिन आहे. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नसते. ‘एएफ-डी’ लिहिलेली जुनी स्वस्त ५० एमएम त्यावर बसेल, पण फोकस हाताने करावा लागेल. आपोआप फोकस हवा तर ‘एएफ-एस’ लिहिलेली, स्वतःची मोटर असलेली लेन्स हवी. डीएक्सची (या छोट्या सेन्सरच्या निकॉन कॅमेऱ्यांसाठीची) ३५ एमएम एफ/१.८ सगळ्यात उत्तम. दोन, ‘एएफ-पी’ लिहिलेली नवी किट लेन्स डी३२०० वर ऑटोफोकस करतच नाही. डी३३०० वर करते, पण फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर. विकणाऱ्यालाही हे कित्येकदा ठाऊक नसतं.

आणि मुख्य भीती फंगसची. कोकणात चार पावसाळे बॅगेत बंद राहिलेली लेन्स मी तरी आधी संशयानेच हातात घेतो. दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स हिशेबातच धरू नका; फक्त बॉडीचे पैसे द्या आणि लेन्स दुसरी शोधा. धुळीचे चारदोन कण असतील तर सोडून द्या, फोटोत ते दिसत नाहीत. सेन्सर बघायचा असेल तर एफ/२२ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, डाग लगेच कळतात. शटर काउंटसाठी (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा) त्याच कॅमेऱ्यातली एक ताजी जेपीजी कॉम्प्युटरवर घ्या. निकॉन तो आकडा फाइलमध्येच लिहून ठेवतो. कॅननच्या नवशिक्यांसाठीच्या मॉडेलांत तो असा मिळत नाही. सगळं ठीक निघालं तर दहा-बारा हजारांवर जाऊ नका. शेजारधर्म म्हणून हजार-पाचशे जास्त द्यायचे तर तुमची मर्जी.

मला स्वतःला निवडायला सांगाल तर मी यापेक्षाही एक पायरी वरचा जुना कॅमेरा घेईन: निकॉन डी७००० किंवा कॅनन ६०डी, दोन्ही २०१० चे. मेगापिक्सेल कमी, १६ आणि १८, पण शटरला एक चक्र आणि अपर्चरला दुसरं. नवशिक्यांसाठीच्या मॉडेलांत एकच चक्र असतं, दुसरं काम बटण दाबून धरून करावं लागतं. मॅन्युअल मोड शिकताना या दोन चक्रांनी जी सवय लागते, ती बटण दाबून धरून लागत नाही. व्ह्यूफाइंडरही मोठा आणि उजळ. डी७००० मध्ये फोकसची मोटर आहे, म्हणजे ती जुनी ‘डी’ लेन्स त्यावर बिनधास्त चालते. वजन मात्र जास्त, तेव्हा लेकीच्या हातात एकदा देऊन बघाच.

मुंबईला कुणी जाणार असेल तर सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात जुने कॅमेरे आणि दुरुस्तीवाले दोन्ही सापडतात. बिल आणि थोडी तरी लेखी गॅरंटी मागा, आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. तिथले भाव दर आठवड्याला बदलतात, म्हणून त्यांचे आकडे देत नाही.

उरलेल्या पैशांत ३२ जीबीचं चांगलं कार्ड, एक जादा बॅटरी, आणि घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल. सुट्टीत ती कॅमेरा घेऊन रत्नागिरीला येणार, तेव्हा हा डबा लागणारच. ट्रायपॉडची घाई नको. दोन-अडीच हजारांचे ट्रायपॉड डीएसएलआरच्या वजनाने वाकतात.

शेजाऱ्यांकडे गेलात की लेन्सवरची सगळी अक्षरं जशीच्या तशी उतरवून कळवा. एएफ-एस आहे की एएफ-पी, त्यावर पुढचं ठरेल.