कानस लागते म्हणजे सुरी मऊच राहिली का?

प्रश्न : ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कांद्याची पात कापायला सुरी केली. वडील भात्याच्या भट्टीवर खुरप्यांना पाणी द्यायचे. तसंच लाल करून पाण्यात घातली, तर पातं तडकलं. दुसरी जळक्या इंजिन ऑइलमध्ये घातली. ती तडकली नाही, पण कानस लागते, म्हणजे घसरून न जाता पोलाद खरवडते. पुन्हा तापवू का? आणि कडकपणा नेमका किती हवा? (एक वाचक, निफाड)

उत्तर : लगेच तापवू नका. आधी त्याच जागी कानस आणखी मारून बघा. उघड्या आगीत पोलादाच्या वरच्या थरातला कार्बन जळतो आणि तेवढी कातडी मऊ पडते. सुरुवातीला कानस लागली आणि मग घसरायला लागली, तर सुरी आतून कडक आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटच्या (पोलाद तापवून कडक करायच्या) भट्टीवर होतो तेव्हा ‘मऊ निघालं’ म्हणून परत आलेल्या जॉबची कातडी आधी ग्राइंडरवर काढायचो आणि मगच बोलायचो.

खोलवरही कानस लागतच राहिली, तर पातं पुरेसं तापलं नव्हतं, नाहीतर तेलाने वेळेत थंड केलं नाही. चुंबक चिकटायचं थांबतं ते ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास. बरेच जण तिथेच पातं बाहेर काढतात. कमानपाट्याच्या पोलादाला त्याहून वर, साधारण ८३० ते ८६० अंश लागतात. म्हणून चुंबक सुटल्यावर रंग आणखी एक छटा उजळू द्या आणि टोकापासून मुठीपर्यंत सारखा झाला की काढा. हे काम संध्याकाळी शेडमध्ये करा, उन्हात रंग कळत नाही. जळकं ऑइल सोडून द्या, त्याचा धूर वाईट. सोयाबीनचं खाद्यतेल चालेल. ते ५० ते ६० अंश गरम करून घ्या, कारण कोमट तेल पातळ होतं आणि पात्यातली उष्णता लवकर ओढतं. पातं टोकाकडून सरळ उभं बुडवा. आडवं घातलं तर वाकतं. तेलाचा डबा लोखंडी हवा, झाकण हाताशी हवं. तेल पेटलं तर झाकण घाला, पाणी अजिबात टाकू नका.

वडिलांची पद्धत चुकीची नव्हती. खुरप्याची फक्त कड पाण्यात धरतात. पाठीतली ऊब परत कडेकडे येते, रंग पाहून मग पूर्ण थंड करतात. म्हणजे कडक करणं आणि कडकपणा थोडा उतरवणं एकाच तापात होतं. तुम्ही अख्खं पातं पाण्यात सोडलंत, आणि या पोलादाला पाण्याचा झटका सोसत नाही.

सुरीला हात लावण्याआधी त्याच पाट्याचा बोटभर तुकडा तापवून तेलात घाला आणि व्हाइसमध्ये धरून तोडा. तुकड्याला कापड गुंडाळा, डोळ्यांवर गॉगल घाला. तुटलेली बाजू उजेडात धरून बघा. राखाडी, बारीक, मऊसूत दिसली तर ताप बरोबर होता. रव्यासारखे चकाकते दाणे दिसले तर जास्त तापवलंत. अशी सुरी कानशीला कडक लागेल, पण दगडावर आपटली की तुकडा उडेल. दाणा मोठा झाला असेल तर पातं लाल करून हवेत काळं पडेपर्यंत थंड होऊ द्या. असं तीनदा, दर वेळी थोडं कमी तापवून, आणि मगच तेलात. मला ही परीक्षा सगळ्यांत भरवशाची वाटते, आणि तिला भंगारातल्या तुकड्यापलीकडे काही लागत नाही.

तेलातून काढलेली सुरी काचेसारखी ठिसूळ असते, ती तशीच रात्रभर ठेवू नका. हाताला सोसेल इतकी थंड झाली की ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. आधी एक बाजू घासून चकचकीत केली असेल तर तिच्यावर फिकट पिवळसर रंग चढतो. निळा दिसला तर पारा ३०० च्या घरात गेला, धार टिकणार नाही. पुढे ग्राइंडरवर धार काढतानाही कड निळी होऊ देऊ नका, सारखी पाण्यात बुडवत राहा.

कडकपणा आकड्यात विचाराल तर रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ५६ ते ५८ तुमच्या कामाला योग्य. पात कापताना माती आणि खडे लागणारच, तेव्हा ६० च्या मागे लागू नका. घरच्या घरी बघायचं तर धार पितळी सळईवर हलकी टेकवून दाबा. कड किंचित लवून परत सरळ झाली तर जमलं. वाकलेलीच राहिली तर मऊ, दातरली तर आणखी १० अंश वाढवून एकदा ओव्हनमध्ये घाला.

सातपूर-अंबडला जॉबवर्क करणाऱ्या कुणाकडून रॉकवेल मशीनवर आकडा काढून घेणार असाल, तर मुठीलगतच्या पात्याचा सपाट भाग दोन्ही बाजूंनी समांतर घासून न्या. हा भागही तेलात बुडालेला असला पाहिजे. हे मशीन पोलादात हिऱ्याचं टोक दाबून कडकपणा मोजतं, आणि त्या टोकावर १५० किलोचा भार येतो. धारेच्या उतारावर ते टेकवलं तर आकडा खोटाच येईल.