व्हॉल्व्ह बंद कोण करतं?

होळी झाली की या पानाच्या टपालात लॉनचीच पत्रं जास्त असतात. मी नाशिकात २८ वर्षं बागांना पाइप टाकतोय. त्यातली निम्मी वर्षं तरी लोकांचे बंद न होणारे आणि न उघडणारे व्हॉल्व्ह खोलण्यात गेली. यंदा चार पत्रं घेतली आहेत, लॉनला टायमरवर पाणी सोडणाऱ्या विजेच्या, म्हणजे सोलेनॉइड, व्हॉल्व्हची. पत्रांतले पॉप-अप म्हणजे पाणी आलं की जमिनीतून वर उठणारे फवारे आणि झोन म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणारा लॉनचा तुकडा.

काका, आमच्या लॉनचे चार झोन आहेत. टायमर बंद झाला तरी तिसऱ्या झोनचे पॉप-अप गळतच राहतात. प्लंबरने दोनदा कॉइल बदलली, फरक शून्य. आता अख्खा व्हॉल्व्ह बदला म्हणतोय. (एक वाचक, कोल्हापूर)

कॉइल, म्हणजे व्हॉल्व्हवरची तारेची विजेची गुंडाळी, बिचारी निर्दोष आहे. तुमच्या प्लंबरचा जो गैरसमज झालाय तोच बहुतेकांचा असतो. त्यांना वाटतं, वीज व्हॉल्व्ह उघडते आणि वीजच बंद करते. प्रत्यक्षात वीज एक बारीकसं भोक तेवढं उघडते. बंद करायचं काम पाण्याचं.

आत रबराचा पडदा असतो, डायफ्रॅम. त्याच्या खाली पाइपचं पाणी आणि वर, झाकणाखाली, एक छोटी पोकळी. पडद्याला सुईच्या जाडीचं भोक असतं (काही मेकमध्ये ते बॉडीतून काढलेलं असतं). त्यातून पाणी वरच्या पोकळीत झिरपून ती भरते. आता दाब खाली-वर सारखाच, पण वरून पाणी अख्ख्या पडद्यावर बसतं आणि खालून त्याच्या थोड्याच भागाला ढकलतं. समजा दाब २ किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ किलो, आहे. खालून ५ चौरस सेंटिमीटरवर १० किलोचा जोर, वरून २० चौरस सेंटिमीटरवर ४० किलोचा. पडदा बसलेलाच राहणार. वर स्प्रिंग असते, पण ती हाताखालच्या पोऱ्यासारखी.

टायमरने २४ व्होल्ट सोडले की कॉइलमधली लोखंडी कांडी, म्हणजे प्लंजर, जराशी उचलली जाते. वरच्या पोकळीतलं पाणी दुसऱ्या भोकातून पुढच्या पाइपात निसटतं. जायचं भोक यायच्या भोकापेक्षा मोठं असतं, म्हणून पोकळी भरण्याआधीच रिकामी होत राहते. वरचा भार गेला की खालचं पाणी पडदा उचलून वाट काढतं. वीज गेली की प्लंजर खाली, जायचं भोक बंद, पोकळी पुन्हा भरते आणि व्हॉल्व्ह हळूहळू मिटतो.

आता तुमचं गळणं. आधी एक करा. टायमर बंद झाल्यावर घड्याळ लावून बसा. दहा-पंधरा मिनिटांत गळणं थांबलं तर व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. लॉनला उतार असेल, तर पाइपात उरलेलं पाणी सगळ्यात खालच्या पॉप-अपमधून निथळतं. त्या पॉप-अपला हे पाणी अडवून धरणारा चेक व्हॉल्व्हवाला तळ मिळतो, तो घाला. अर्ध्या तासानंतरही धार तशीच असेल, तर पडदा पूर्ण बसत नाहीये. झाकणावरचा हाताने उघडायचा स्क्रू, ब्लीड स्क्रू, सैल राहिलाय का ते बघा. माळी लोक तो हमखास अर्धवट सोडतात. तो घट्ट असेल तर मेन कॉक बंद करून झाकण खोला. बोअरचं पाणी असेल तर दहातल्या आठ वेळा पडद्याच्या बैठकीवर वाळूचा एखादा कण सापडतो. एवढासा कण, पण रात्रभरात टाकी रिकामी करतो. गळण्याऐवजी झोन पूर्ण जोरात चालूच राहत असेल, तर आत यायचं भोक क्षाराने बुजलेलं असतं. वरची पोकळी भरतच नाही, मग बंद कोण करणार?

ते भोक तारेने किंवा टाचणीने टोकरू नका. ते मोठं झालं की हिशोबच बिघडतो आणि व्हॉल्व्ह उघडेनासा होतो. पडदा लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. फाटला असेल तर नुसता पडदा सुटा मिळतो, अख्खा व्हॉल्व्ह कशाला? झाकणाचे स्क्रू मोटारीच्या चाकासारखे समोरासमोरचे आवळत जा. आणि मेन लाइनवर बारीक जाळीचा, १२० मेशचा फिल्टर बसवा, नाहीतर पुढच्या होळीला परत मलाच पत्र.

बॉडीवरचा बाणही बघून ठेवा. सुरुवातीच्या वर्षांत गंगापूर रोडच्या एका बंगल्यात मी एक व्हॉल्व्ह उलटा बसवला होता. पाणी भलत्याच बाजूने आल्यावर वरची पोकळी भरायची कुठून? तो मिटेचना. सकाळी लॉनवर बदकं सोडायची तेवढी बाकी होती, आणि संध्याकाळी त्याच लॉनवर त्यांच्या मुलीचं केळवण! मालक काही बोलले नाहीत, चहा मात्र दिला नाही.

आमची टाकी गच्चीवर, लॉनपासून २४ फूट उंच आहे. ऑनलाइन एक इंची सोलेनॉइड व्हॉल्व्ह मागवला. कधी उघडत नाही, कधी मिटत नाही. बदलून आणला, तरी तेच. (एक वाचक, सातारा)

दहा बदलून आणले तरी तेच होईल. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे १ किलो दाब. तुमचे २४ फूट म्हणजे ७.३ मीटर, म्हणजे पाऊण किलोही नाही. पाइपातून येताना तो आणखी घटतो. वर सांगितलेला सगळा खेळ पाण्याच्या जोरावर चालतो आणि अशा बहुतेक व्हॉल्व्हना निदान १ किलो तरी लागतो. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी हेच घरोघरी असतं, पण हे खोक्यावर ठळक कुणी छापत नाही.

तुमच्यासाठी मोटराइज्ड बॉल व्हॉल्व्ह. त्यात पडदा वगैरे काही नाही. नळावरच्या बॉल कॉकलाच छोटी मोटर लावलेली असते आणि ती काही सेकंदांत चावी पाव फेरा फिरवते. दाब असो-नसो, तिला फरक पडत नाही. सावकाश मिटत असल्यामुळे पाइपला दणकाही बसत नाही. पण व्हॉल्व्ह उघडला म्हणून पॉप-अप उडतील असं समजू नका. त्यांना २ किलोच्या आसपास दाब हवा. तुमच्या टाकीवर पंपाशिवाय ते मान वर काढतील, बस्स. लॉन अर्धा गुंठा असेल तर मी तुमच्या जागी असतो तर साधा बॉल कॉक आणि नळी वापरली असती.

एक कळकळीची सूचना. तुमच्याच गावाहून आणखी एकांनी लिहिलंय की त्यांनी वॉशिंग मशीनचा इनलेट व्हॉल्व्ह बागेत लावला, स्वस्त पडला म्हणून. तो सहसा २३० व्होल्टचा असतो. ओल्या मातीत, उघड्या जोडांसकट, जिथे नातवंडं अनवाणी फिरतात! आजच काढा. बागेतले व्हॉल्व्ह सहसा २४ व्होल्टवर असतात ते काही उगीच नाही.

मुलाकडे सॅन होजेला आले आहे. इथे लॉनचे व्हॉल्व्ह चेंबरमध्ये नसून भिंतीलगत जमिनीच्या वर आहेत आणि प्रत्येकावर टोपी आहे. दिसायला वाईट दिसतं. मुलगा म्हणतो, खाली पुरून टाकू. (एक वाचक, मूळच्या ठाण्याच्या)

ताई, पुरू देऊ नका. हे अँटी-सायफन व्हॉल्व्ह. टोपीखाली हवा आत घेणारी झडप असते. तिथे लॉनची लाइन घराच्या पिण्याच्या लाइनवरूनच निघते. गल्लीत आग लागून बंबाने जोरात पाणी ओढलं किंवा मेन लाइन फुटली, तर पाइपात उलटी ओढ लागते आणि लॉनवरचं खत, कुत्र्याची घाण, सगळं स्वयंपाकघरातल्या नळाकडे खेचलं जाऊ शकतं. तेव्हा ही झडप हवा आत घेते आणि ओढ तुटते. त्यासाठी व्हॉल्व्ह त्या झोनच्या सगळ्यात उंच स्प्रिंकलरपेक्षा निदान ६ इंच वर हवा आणि त्याच्यापुढे दुसरा कॉक नको. पुरलात तर ती टोपी शोभेची. फारच खुपत असेल तर समोर जास्वंद लावा.

आपल्याकडे हे व्हॉल्व्ह फारसे दिसत नाहीत, कारण नगरपालिकेचं पाणी टाकीत वरून पडतं आणि मधल्या हवेमुळे संबंध तुटतो. पण काही जण टाकी टाळून थेट मीटरनंतरच्या लाइनला लॉन जोडतात. दिवसाआड तास-दोन तास पाणी येणाऱ्या गावात ती लाइन रिकामी होताना दर वेळी उलटी ओढते. तसं करू नका.

दुकानदार एसी कॉइल, डीसी कॉइल, लॅचिंग असं काय काय सांगतो. मी २४ व्होल्टचा ॲडॉप्टर जोडला तर कॉइल तासाभरात जळाली. २४ म्हणजे २४ ना? (एक वाचक, नागपूर)

नाही. तुमची कॉइल २४ व्होल्ट एसीची, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेची, आणि सीसीटीव्हीवाल्याकडून आणलेला ॲडॉप्टर डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा असणार. एसीवर कॉइल स्वतःच करंटला अडवते आणि पाव अँपिअरच्या आत भागवते. डीसीला अडवायला नुसती तांब्याची तार उरते. ती समजा ३० ओहमची असेल तर ०.८ अँपिअर वाहतो, म्हणजे जवळपास १९ वॉट एका अंगठ्याएवढ्या वस्तूत. जळणारच.

लॅचिंग कॉइल वेगळी. ती ९ व्होल्टच्या बॅटरीवरच्या टायमरसाठी. एक झटका दिला की प्लंजर चुंबकाला चिकटून राहतो, उलटा झटका दिला की सुटतो. मधे वीज लागतच नाही, त्यामुळे बॅटरी महिनोन् महिने पुरते. वाईट एवढंच की व्हॉल्व्ह उघडा असताना बॅटरी संपली तर तो उघडाच राहतो. फार्महाउसवर लावणार असाल तर पावसाळा संपताच बॅटरी बदला, आणि तिच्यावर तारीख लिहून ठेवा, माळ्याच्या नव्हे, तुमच्या अक्षरात.