सासूबाई, स्टोनहेंज आणि वहिवाट

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सहून एका सूनबाईचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणते, नाही छापत. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची आहेस, तेव्हा अगं-तुगं चालवून घे.

ती लिहिते, "सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. दर शनिवारी त्यांना कुठे ना कुठे नेतो. विंडसर झालं, बाथ झालं, स्टोनहेंज झालं, बोर्टन-ऑन-द-वॉटर हे खेडं तर दोनदा झालं. तरी आई म्हणतात, तुम्ही बघून या, मी गाडीत बसते. स्टोनहेंजला सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'एवढे पैसे भरून धोंडे बघायचे?' ह्यांचा चेहरा बघवेना. आम्ही अजून काय करायचं?" खाली आणखी तीन प्रश्न आहेत. नॅशनल ट्रस्टची (जुने वाडे, बागा सांभाळणारी संस्था ती) मेंबरशिप घ्यावी का, चौदा वर्षांचा मुलगा बरोबर येत नाही, आणि सासूबाई डब्याशिवाय घर सोडत नाहीत.

अगं, चार ओळींत चार वेळा "झालं" लिहिलंयस. झालं म्हणजे काय झालं? गाडी लावली, फोटो काढला, चहाच्या रांगेत उभे राहिलात, परत निघालात. अष्टविनायकाच्या बसमध्ये असंच असतं, पण तिथे निदान प्रसाद तरी मिळतो.

मी रागावते खरी, पण हेच पाप माझ्याही खात्यावर आहे. 1996 साली माझे आई-दादा आले होते. आम्ही एका दिवसात त्यांना ऑक्सफर्ड, ब्लेनहाइम पॅलेस आणि बोर्टन दाखवलं. रात्री आईचे पाय सुजून आले. मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "उद्या कुठं नेऊ नकोस गं, मी आपली भांडी घासते." सुट्टीचा एक दिवस आणि पेट्रोलचे पैसे घालवून आईला भांड्यांची आस लावली मी!

पुढच्या रविवारी ह्यांनी वळण चुकवलं आणि एका खेड्यात गाडी थांबली. तिथे कुंपणाला लाकडी खांब, त्यावर बाण, आणि बाण सरळ कुणाच्या तरी गव्हाकडे. खाली अक्षरं, पब्लिक फुटपाथ. दादा म्हणाले, "दुसऱ्याच्या वावरात कसं शिरायचं? मालक बघेल की." ह्यांनी सांगितलं, बघू दे, हा जायचा हक्काचा रस्ता आहे. दादांचे डोळे एकदम चमकले. "म्हणजे वहिवाट!"

आमचं गाव माण तालुक्यातलं. भाऊबंदांनी बांधावरची वाट नांगरली म्हणून दादांनी किती वर्षं तालुक्याला खेटे घातले, ते आम्हा भावंडांनाच ठाऊक. त्यामुळे इंग्लंडातली एकच गोष्ट त्यांना कळून आवडली, ती ही. राणीचा वाडा नव्हे.

तर ऐक, आणि सासऱ्यांनाही वाचून दाखव. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे 1,40,000 मैल आहेत. शेताच्या मधून, मेंढ्यांच्या कुरणातून, क्वचित कुणाच्या अंगणातूनही. जमीन मालकाची, पण चालायचा हक्क सगळ्यांचा. 1949 च्या कायद्याने कौंटी कौन्सिलांना या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावलं. लोक वीस वर्षं विनाअडथळा, उघडपणे आणि कुणाची परवानगी न मागता चालत आले असतील, तर ती वाट सार्वजनिक धरता येते. मालकाने आपला नकार आधीच स्पष्ट केलेला असला, तर गोष्ट वेगळी. शेतामधून जाणारी वाट शेतकऱ्याने पेरणीसाठी नांगरली, तर चौदा दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. चौदा दिवस! दादांनी हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

हे फुकट मिळालेलं नाही बरं का. आपल्याकडे सविनय कायदेभंग चालू होता त्याच 1932 सालच्या एप्रिलात डर्बीशरमध्ये किंडर स्काउटच्या माळावर शेकडो कामगार मुद्दाम घुसले. शिकारीसाठी राखलेली जमीन, म्हणून चालायला बंदी होती. पाच जण तुरुंगात गेले. पुढे 1951 मध्ये पहिलं नॅशनल पार्क झालं ते तिथेच, पीक डिस्ट्रिक्टला.

आता तुझ्यासाठी. बोर्टनला दोनदा गेलीस ना? नदीवरच्या त्या बुटक्या पुलांवर फोटो काढलेस आणि आइस्क्रीम खाल्लंस. तिथूनच मैल-सव्वा मैलावर लोअर स्लॉटर आहे, बरीचशी वाट पक्की. तिथल्या विटांच्या चिमणीच्या गिरणीपासून ओढ्याकाठाने आणखी मैलभर गेलं की अप्पर स्लॉटर. दोन्ही महायुद्धांत तिथून गेलेला एकेक माणूस जिवंत परतला. अशी गावं या देशात मोजकीच आहेत. सासूबाईंना तिथल्या बाकावर बसवून हे सांग. त्या धोंडे म्हणणार नाहीत.

माझ्या आईला मी याच वाटेने नेलं. नऊवारी नेसलेली आई त्या अर्धगोल फाटकात आधी अडकलीच. आत शिरायचं, झडप आपल्या मागे ढकलायची, मग पुढे निघायचं, म्हणजे मेंढ्या निसटत नाहीत. दोन खेपांत तिला ते जमलं आणि मग उगीचच एकदा परत जाऊन आली. पुढे तारेला लोकरीचे पुंजके लटकत होते. तिने एक ओढून घेतला, अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळला, वास घेतला. बोटं तुपट झाली. "मऊ आहे," म्हणाली, "घोंगड्याला नाही चालायची." इतके दिवस गप्प असलेली बाई मग तासभर आमच्या वाडीच्या धनगरांविषयी बोलत होती. तो पुंजका गावी परत जाईपर्यंत तिच्या बटव्यात होता.

सासऱ्यांना इतिहासाची आवड असली तर मोर्टन-इन-मार्शजवळ बोर्टन-ऑन-द-हिल ते लाँगबरो ही वाट धर, दोन-अडीच मैलांची. (हे बोर्टन वेगळं.) मध्येच सेझिनकोट नावाच्या वाड्याचा मोगली घुमट दिसतो, कॉट्सवोल्ड्स टेकड्यांमधल्या कुरणात. कंपनी सरकारात पैसा करून आलेल्या कॉकरेलसाठी 1805 च्या सुमारास त्याच्याच वास्तुविशारद भावाने तो वाडा बांधला. तिथल्या बागेत सूर्याचं देऊळ आहे आणि पुलावर नंदी. बागेला तिकीट आहे आणि ती ठरावीक दिवशीच उघडते, पण घुमट वाटेवरून फुकट दिसतो. याच भावाने जवळच डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्जचंही घर बांधलं. सालबाईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल तो हाच. सासरे बोलायला लागले की थांबवू नकोस.

आणि उतरलेल्या चेहऱ्यावर उतारा म्हणून ऑक्सफर्डशरमधलं स्टोक रो. तिथे रस्त्याकडेला घुमटाखाली विहीर आहे, 368 फूट खोल, हाताने खणलेली. बनारसच्या महाराजांनी पैसे दिले आणि ती 1864 मध्ये खुली झाली. या चुनखडीच्या टेकड्यांवर पाण्याचे हाल होते, हे त्यांना तिथल्याच एका इंग्रज अधिकाऱ्याकडून कळलं होतं. वर सोनेरी हत्ती आहे. परक्या मुलखाने आपल्याला काय दिलं, हे आपण सासू-सासऱ्यांना सारखं दाखवत असतो. एकदा हेही दाखव.

तयारी फार नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी नकाशा घे, कॉट्सवोल्ड्सचा असेल तर ओएल 45 नंबरचा. त्यात हिरव्या तुटक रेषा म्हणजे चालायचा हक्क, आणि चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. खांबावर पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, निळा घोडेवाल्यांचाही. वासरं बरोबर असलेल्या गाईंपासून लांबून जायचं, हे सासूबाईंना सांगायची गरज नाही, तुझ्या मुलाला सांग. गुडघे दुखत असले तर एकच मैल चाला. शौचालय आधी शोधून ठेव, झुडपांवर विसंबू नकोस.

उरलेले प्रश्न. मेंबरशिप: वर्षात पाच-सहा ठिकाणी जाणार असाल तर घ्या. बऱ्याच ठिकाणचं पार्किंगही सुटतं आणि तीच दाखवून इंग्लंडमधल्यांना स्टोनहेंजला फुकट जाता येतं. तुझे ते पैसे गेले, जाऊ दे. मुलगा: नकाशा त्याच्या हातात दे, चुकला तर चुकू दे, ह्यांच्यासारखा. डबा: त्यात लाजायचं काय? टी-रूममध्ये नको उघडूस, पण बाकावर थालीपीठ आणि दही खाल्लं तर इंग्रज फार तर हवेबद्दल बोलेल.

सहा महिन्यांतले किती उरलेत ते लिहिलं नाहीस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि मग साडेचारलाच अंधारतं, तेव्हा हाच शनिवार धर. फक्त स्लॉटर हे नाव सासूबाईंना आधी सांगू नकोस. त्याचा कत्तलीशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीतला चिखलाचा शब्द आहे तो, पण शाकाहारी माणसाला हे गाडीत बसवल्यावर सांगावं. बूट मात्र चिखलाचेच घालून ये.