मोडी दप्तर ऑनलाइन आणायचंय? आधी सूचीसाठी पैसे मागा

तुमचा प्रश्न असा : नारायण पेठेतल्या वाचनालयाच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत, स्कॅनिंगचं कोटेशन आलंय, आणि सगळं ऑनलाइन ठेवायला अनुदान कोण देईल? या कामात मी बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेल्या कोटेशनमध्ये पानामागचा दर आहे, सूचीचा एक रुपया नाही. मला काळजी वाटते ती याचीच. कागद कोणी कोणाला लिहिला, कधीचा, कुठल्या गावचा, हे नोंदवलं नसेल तर प्रतिमा कितीही स्वच्छ असली तरी शोधणाऱ्याला ती सापडत नाही. छापील देवनागरीचा मजकूर ओसीआरने, म्हणजे प्रतिमेतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, बराचसा निघतो. धावत्या मोडीला, जिथे शब्दही तोडलेले नसतात, जाणकार वाचकच बसवावा लागतो. शिवाय तारखा. एका कागदावर शक, दुसऱ्यावर फसली, तिसऱ्यावर सुहूर सन, अशा वेगवेगळ्या कालगणना. 'इहिदे सितैन मया व अलफ' ही अरबी संख्या म्हणजे सुहूर ११६१, अर्थात १७६०-६१, पानिपतचं साल. हे ओळखून जंत्रीशी (जुन्या-नव्या तारखांच्या कोष्टकाशी) ताडून पाहणारा माणूस दिवसाला मोजकेच कागद उरकतो. त्याला योग्य मानधन द्या. माझ्या मते निम्म्याहून जास्त बजेट सूचीला जायला हवं, आणि अर्जात ते स्पष्ट लिहायला संकोचू नका.

आता पैसे देणारे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' जाहीर झालं, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी. पण याच कामाच्या आधीच्या योजनेने, राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने, २००३ पासून हस्तलिखिताची जी व्याख्या धरली, तीत महसुली कागद, फर्मानं अशी ऐतिहासिक दप्तरं बसत नाहीत. तुमच्या रुमालांत पोथ्या असतील तर त्या वेगळ्या काढा, त्यांच्यासाठी हा रस्ता आहे. जमाखर्च, कैफियती (लेखी निवेदनं), पत्रव्यवहार यांच्यासाठी दुसरीकडे जावं लागेल.

दुसरा रस्ता सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारशाचं जतन आहे, त्यामुळे चाकण-हिंजवडीच्या कंपन्यांकडे हक्काने जाता येतं. त्याआधी संस्थेची आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी आणि सीएसआर निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ अर्ज झालेला हवा. हे कागद नसतील तर आजच तुमच्या सीएला भेटा.

परदेशी अनुदानांत या कामाला सगळ्यात जवळचा म्हणजे ब्रिटिश लायब्ररीचा 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम', २००४ पासूनचा. मूळ कागद जागेवरच राहतात, प्रती ऑनलाइन खुल्या होतात. अडचण एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याची. परदेशी पैसा घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 'नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेकडून पैसे वळते करून घेऊ' असं कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा, २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याला बंदी आहे. त्या संस्थेनेच मुख्य अर्जदार व्हावं, तिनेच कॅमेरा घ्यावा, पगार द्यावेत, आणि काम तुमच्या कागदांवर व्हावं, अशी रचना चालू शकते. मात्र तपशील एफसीआरए जाणणाऱ्या सीएकडून तपासून घ्या.

अर्जात 'आत्ताच का?' हा प्रश्न हमखास असतो. तिथे पुण्याच्या थोर परंपरेवर परिच्छेद लिहू नका. माळ्यावर गळती कुठे आहे, किती रुमालांना कसर लागली आहे, याचे फोटो जोडा. इमारत १९६१ च्या पानशेत पुरात पाण्याखाली गेली होती का, हेही जुन्या सभासदांना विचारा.

सगळ्या रुमालांसाठी एकदम मागू नका. एकच रुमाल उघडा, कागदांना क्रमांक द्या, मोडी वाचकाकडून सूची करून घ्या, लागलेला वेळ लिहून ठेवा. त्या आकड्यांवर उभं केलेलं बजेट परीक्षकाला पटतं. कागदांचा क्रम आणि रुमालाची मूळ बांधणी बदलू नका, कोणता कागद कशाजवळ होता हीसुद्धा माहितीच असते. स्कॅन करताना मूळ प्रत टिफमध्ये (तपशील न गमावणाऱ्या मोठ्या फाइलीत) ठेवा, वेबसाइटवर जेपीजी चालेल. दोन प्रती वेगवेगळ्या इमारतींत हव्यात.

आणि करारात एक कलम नक्की घाला : प्रतिमा आणि सूची वाचकांना मोफत, आणि कंत्राटदाराचा त्यांवर कोणताही हक्क नाही. एका रुमालाची सूची झाली की तिचे रकाने इथे टाका, अर्जाच्या दृष्टीने काय कमी पडतंय ते मी पाहून सांगेन.