मराठी बातम्यांत आणि रोजच्या बोलण्यात आद्याक्षरांचा एवढा मारा का? त्याची चीड येणं चूक आहे का?

तुम्ही विचारलंय की सकाळी पेपर उघडला की जीसीझेडएमए, टीसीपी, ओडीपी, साबांखा, गोमेकॉ अशी अक्षरं वाचून डोकं उठतं. हे आपल्या वयामुळे होतं की लिहिणाऱ्यांचं चुकतंय? बहुतेक वेळा लिहिणाऱ्यांचंच चुकतं. मी गोव्यात मराठी मजकुराचं संपादन करते आणि या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. मात्र सगळे संक्षेप एकाच दावणीला बांधू नका. काही वाचकाच्या सोयीचे असतात, काही फक्त लिहिणाऱ्याच्या सोयीचे, आणि काही कोणाच्याच सोयीचे नसतात.

आधी तो तिसरा प्रकार पाहू, कारण आपल्याकडे तोच जास्त आहे. रोमन लिपीत एका आद्याक्षराला एकच खूण लागते, म्हणून तिथे संक्षेपाने खरोखर जागा वाचते. देवनागरीत आपण त्या आद्याक्षराचं नाव लिहितो. ‘एच’ लिहायला दोन अक्षरं आणि ‘डब्ल्यू’ला जोडाक्षरासकट दोन. आता मोजून पाहा. ‘बारावी’ तीन अक्षरी, ‘एचएसएससी’ सात अक्षरी. ‘दहावी’ तीन, ‘एसएससी’ पाच. ‘जलस्रोत’ चार, ‘डब्ल्यूआरडी’ पाच. म्हणजे इथे संक्षेप मूळ शब्दापेक्षा लांब झाला, आणि अर्थ गेला तो गेलाच. ‘जीसीझेडएमए’, म्हणजे गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, सात अक्षरी आहे. त्याऐवजी ‘किनारी प्राधिकरण’ लिहिलं तर आठ होतात. एका अक्षराच्या बचतीसाठी बातमी किनाऱ्याबद्दल आहे हेच वाचकापासून लपतं. ज्याचं घर भरतीरेषेजवळ आहे आणि ज्याच्यासाठी ती बातमी लिहिली, तोच तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातो.

असं का होतं? गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा मिळाली. तरी खात्यांचे आदेश, अधिसूचना, न्यायालयाचे निवाडे मुख्यतः इंग्रजीतच येतात. बातमीदाराच्या हाती रात्री उशिरा इंग्रजी कागद पडतो. त्यात पहिल्या परिच्छेदात संस्थेचं पूर्ण नाव असतं आणि पुढे नुसती आद्याक्षरं. भाषांतर करताना वाक्यं मराठीत येतात, आद्याक्षरं मात्र जशीच्या तशी देवनागरीत उतरतात. संस्थेला मराठीत काय म्हणायचं हे ठरवायला दोन मिनिटं लागतात आणि नेमकी तीच दोन मिनिटं नसतात.

मथळ्याची अडचण मात्र खरी आहे. एका स्तंभाच्या मथळ्यात ओळीला जेमतेम आठ-दहा अक्षरं मावतात. ‘सार्वजनिक बांधकाम खाते’ तिथे बसणार नाही, म्हणून ‘साबांखा’ आलं. ‘गोवा मेडिकल कॉलेज’चं ‘गोमेकॉ’ झालं. मला हे दोन्ही शब्द मथळ्यात चालतात. ते मराठी अक्षरांचे आहेत, उच्चारता येतात आणि गोव्यातला वाचक ते उलगडू शकतो. पण मथळ्याखालच्या बातमीत, जिथे जागा आहे, तिथेही चारदा ‘साबांखा’ लिहिणं हा आळस आहे. बोलताना कोणी ‘साबांखाने रस्ता खणला’ म्हणत नाही. शिवाय तोच मजकूर सिंधुदुर्गातल्या किंवा पुण्यातल्या वाचकासमोर गेला तर त्याला काहीच कळत नाही.

लोक बोलताना काय करतात ते बघा, कारण संक्षेपाची खरी रीत तिथे सापडते. रुग्णाला ‘बांबोळीला नेलं’ म्हणतात, म्हणजे मेडिकल कॉलेजात. ‘पर्वरीला फाइल अडकली’ म्हणजे सचिवालयात. ‘कदंब चुकली’ म्हणताना परिवहन महामंडळ हे शब्द कोणाला आठवतही नाहीत. लोकांनी यात अक्षरं गाळलेली नाहीत, शब्द गाळलेत. नावातला अर्थ वाहणारा एक शब्द ठेवला आणि बाकीचे सोडून दिले. काही ठिकाणी पेपरांनीही ही रीत उचलली आहे. राष्ट्रीय हरित लवादाला आपले पेपर ‘हरित लवाद’ लिहितात आणि ते सगळ्यांना कळतं. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळा संघप्रदेश हा केवढा गुंतागुंतीचा प्रश्न होता. गावोगावी त्याची ‘फूल’ आणि ‘दोन पानं’ एवढीच नावं झाली, मतपत्रिकेवर त्याच खुणा होत्या म्हणून. कोणाला ती उलगडून सांगावी लागली नाहीत.

म्हणून माझा पहिला नियम हाच: लांब नाव छोटं करायचं तर शब्द गाळा, अक्षरं नकोत. टीसीपी म्हणजे नगर व ग्रामनियोजन खातं, त्याला ‘नगरनियोजन खातं’ म्हणा. ओडीपी म्हणजे बाह्यविकास आराखडा, तिथे नुसतं ‘आराखडा’ म्हणा. नियोजन व विकास प्राधिकरण एकदा पूर्ण नावाने येऊ द्या, पुढे नुसतं ‘प्राधिकरण’ पुरतं. बातमीत दोन प्राधिकरणं असतील तर एक ‘किनारी’, दुसरं ‘विकास’. नाव मजकुरात एकदा-दोनदाच येणार असेल तर त्याचा संक्षेप करूच नये. आणि पहिल्याच वाक्यात कंसात आद्याक्षरं देऊन पुढे त्यांच्यावर सगळा डोलारा उभा करू नये. वाचक प्रत्येक वेळी मागे जाऊन तो कंस शोधत बसणार नाही.

आद्याक्षरांनी खरा शब्द तयार होत असेल तर गोष्ट वेगळी. भाजप, शेकाप, मगोप हे आता मराठी शब्द आहेत. त्यांना विभक्ती बिनबोभाट लागते: भाजपने, मगोपचा. १९६३पासून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष गोव्यात ‘मगोप’ आहे आणि बोलताना ‘मगो’. हिंदीत ‘भाजपा’ होतं कारण तिथे शेवटी पार्टी आहे. मराठीत पक्ष आहे म्हणून ‘भाजप’ बरोबर. ‘इफ्फी’ची आद्याक्षरं इंग्रजी असली तरी शब्द म्हणून ती जिभेवर बसली आहेत. २००४पासून हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात होतोय, त्यामुळे इथे तो शब्द उलगडावा लागत नाही. अशा शब्दांत टिंबं घालू नयेत. ‘भा.ज.प.’ असं लिहिलं की वाचणारा प्रत्येक अक्षरावर अडखळतो.

टिंबाचे संक्षेप वेगळे, आणि ते आपल्याकडे फार जुने आहेत. ‘सा. न. वि. वि.’, ‘ता. क.’, ‘मु. पो.’, ‘कै.’, ‘चि.’ ही सगळी मंडळी पत्रांतून आली. जुन्या कागदांत टिंबाऐवजी शून्यासारखी खूण किंवा दोन दंड दिसतात. यात पाळायच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, शब्दाचं पहिलं अक्षर पूर्ण घ्यायचं, जोडाक्षर असेल तर जोडाक्षरासकट: क्रमांकाचं ‘क्र.’, प्राध्यापकाचं ‘प्रा.’, पृष्ठाचं ‘पृ.’. दुसरी, टिंब असलेल्या संक्षेपाला विभक्ती लावायची नाही. ‘५ कि. मी.वर’ किंवा ‘२०० रु.ना’ लिहिण्यापेक्षा ‘५ किलोमीटरवर’, ‘२०० रुपयांना’ लिहावं. विभक्ती आली की संक्षेप उलगडायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा मजकूर सुधारतो. तिसरी, संक्षेप नेहमीच्या शब्दासारखा दिसत असेल तर तो टाळायचा. ‘५ हे. जमीन’ वाचताना ‘हे’ सर्वनाम वाटतं. ‘हेक्टर’ लिहा, दोनच अक्षरं वाढतात. ‘ता.’ म्हणजे तारीख की तालुका हेही वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही.

संगणकावर लिहिणाऱ्यांसाठी दोन बारीक गोष्टी. ‘डॉ.’ ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीत, असं तुटू नये म्हणून मधली जागा न तुटणारी हवी. वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून स्पेस दिली की ती मिळते. दुसरं, ‘ॲड.’मधलं ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतं: एक अखंड अक्षर म्हणून, दुसरं ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाला ती वेगळी. म्हणून वकिलाचं नाव यादीत असूनही शोधल्यावर सापडत नाही. एका कागदपत्रात एकच पद्धत ठेवा, शक्यतो अखंड अक्षराची.

जमिनीच्या व्यवहारात मात्र संक्षेप थेट खिशाला लागतो. गोव्यात जमीन चौरस मीटरने विकली जाते आणि सदनिकांच्या जाहिरातींत चौरस फूटही येतात. ‘चौ. मी.’ आणि ‘चौ. फू.’ बारीक टाइपात शेजारी असले की डोळा चुकतो. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. ५०० चौरस मीटरचा भूखंड साधारण ५,३८२ चौरस फुटांचा होतो, आणि ५०० चौरस फूट ही चीजच निराळी. दर कोणत्या एककाचा आहे ते पूर्ण शब्दांत लिहून घ्या. घर घेताना दलाल ‘टीसी आहे, ओसी येईल’ म्हणाला तर थांबवून विचारा. ‘टीसी’ म्हणजे इथे नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता, ‘ओसी’ म्हणजे पंचायतीने किंवा पालिकेने दिलेला वापर दाखला. पहिली बांधकामापूर्वीची, दुसरा बांधकाम पूर्ण झाल्यानंतरचा. दोन्ही मिळून ‘कागद क्लिअर’ असं ऐकवलं तर मूळ प्रती मागा.

औषधाच्या चिठ्ठीवरचे संक्षेप लॅटिनमधून आलेत: ‘ओडी’ दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना, ‘एसओएस’ गरज पडली तर, ‘एसी’ जेवणाआधी, ‘पीसी’ जेवणानंतर. चिठ्ठी वाचताना यातला एखादा चुकला तर मात्रा चुकते. सगळ्यात धोकादायक खूण म्हणजे इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी काढलेलं ‘यू’ हे रोमन अक्षर. घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि १०चे १०० होतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४मध्ये ‘हे संक्षेप वापरू नका’ अशी यादी काढली, तिच्यात हे अक्षर आहे. आपण एवढं करू शकतो: औषधवाल्याला पाकिटावर १-०-१ असं आणि ‘जेवणानंतर’ हा शब्द लिहायला सांगायचं, आणि इन्सुलिनचं प्रमाण तोंडी वदवून घ्यायचं.

व्हॉट्सॲपवरच्या ‘जे१ झालं का’ला माझी हरकत नाही. ‘जे१’ म्हणजे जेवण, ते कानाला कळतं आणि दोन मित्रांतलं आहे. त्या सवयीचं मूळ जुन्या एसएमएसमध्ये आहे. रोमन लिपीत एका संदेशात १६० खुणा मावायच्या, देवनागरीत फक्त ७०, आणि त्यातही काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जायचे. ‘मुख्यमंत्री’ या एका शब्दाला ११ खुणा जायच्या. लोक रोमनकडे आणि तोडक्या शब्दांकडे वळले यात नवल नाही. व्हॉट्सॲपवर ती मर्यादा नाही. तरी सोसायटीच्या किंवा पंचायतीच्या सूचना त्याच तोडक्या भाषेत फिरतात, ते थांबायला हवं.

संक्षेपाचा आणखी एक दोष असा की तो शिळा होतो. २०२१च्या महापत्तन कायद्यानंतर मुरगाव पोर्ट ट्रस्टचं मुरगाव पत्तन प्राधिकरण झालं, तरी ‘एमपीटी’ चालूच आहे. ‘एनएच १७’ हा राष्ट्रीय महामार्ग आता ६६ आणि ‘४ए’ आता ७४८, पण जुने आकडे लोकांच्या तोंडी आहेत. ‘मुरगाव बंदर’ किंवा ‘पणजी–मडगाव महामार्ग’ लिहिलं असतं तर ते आजही बरोबरच राहिलं असतं.

गोव्यापुरती एक गोष्ट मला फार खटकते, ती गावांच्या नावांची. इंग्रजी पाट्यांवर ‘एसटी’ टिंब देऊन ‘क्रूझ’, ‘इनेज’, ‘इस्तेव’ लिहिलेलं असतं. बाहेरून आलेला बातमीदार ते ‘सेंट क्रूझ’, ‘सेंट इनेज’ असं उलगडतो. मूळ नावं पोर्तुगीज आहेत. सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस, तिथे कोणी क्रूझ नावाचा संत नाही. सांतिनेजमधली इनेज ही स्त्री संत, म्हणून ‘सांता’. सांत इस्तेवमध्ये इस्तेव पुरुष, म्हणून तिथे ‘सांतु’. एका संक्षेपाने तीन वेगळी नावं एकसारखी केली आणि चुकीच्या भाषेत उलगडली. मराठीत लिहिताना गावकरी म्हणतात तेच लिहा: सांताक्रूझ, सांतिनेज, सांत इस्तेव.

आणि तुमच्या हातात काय आहे? पेपरला पत्र लिहायचं तर ‘संक्षेप फार झाले’ असं मोघम लिहू नका, त्यावर कोणी काही करू शकत नाही. तारीख, पान, मथळा, खटकलेला शब्द आणि तुम्ही सुचवता तो पर्याय असं लिहा. संपादकीय विभागात असं पत्र उपयोगी पडतं, कारण पर्याय तयार मिळतो. सरकारी अर्जात, विशेषतः माहिती अधिकाराच्या अर्जात, एकही आद्याक्षर वापरू नका. खात्याचं पूर्ण नाव, कोणत्या तालुक्याचं कार्यालय, कोणता दाखला, सर्वे क्रमांक, हे सगळं पूर्ण लिहा. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर कलम ६(३)प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवावा लागतो. पण नुसतं ‘ओसीची प्रत द्यावी’ एवढंच असेल, तर नेमकी कशाची प्रत हवी हे स्पष्ट नाही म्हणून तो परत करायला अधिकाऱ्याला आयतं कारण मिळतं, आणि तुमचे तीस दिवस फुकट जातात.