रोजच्या एस्टीमला कोणता कॅम?

प्रश्न: माझी २००५ ची मारुती एस्टीम आहे. रोज मिरजेहून इचलकरंजीला कामावर जातो, एसी लागतोच. इंजिन चांगलं आहे, पण पिकअप वाढवायचा म्हणून कॅम बदलावा असं डोक्यात आहे. मित्र म्हणतो २८८ डिग्रीचा घे, गॅरेजवाले म्हणतात २६० च्या पुढे जाऊ नकोस. कोणाचं ऐकू? गाडीत टॅकोमीटर (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा काटा) आहे. – एक वाचक, मिरज

उत्तर: गॅरेजवाल्यांचं ऐका. का, ते नीट सांगतो, कारण याच चुकीपायी चांगली इंजिनं बेचव झालेली मी पाहिली आहेत.

कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. हा डिग्रीचा आकडा म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो त्याचं माप, तेही क्रँकच्या, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या मुख्य दांड्याच्या, फिरण्यावर मोजलेलं. कॅम मोठा झाला, म्हणजे डिग्री वाढली, की हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. पिस्टन वर यायला लागला तरी दार उघडंच. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर हवा इतक्या जोरात येत असते की ती तरीही आत घुसत राहते आणि सिलिंडर ठासून भरतो. पण दोन हजारावर तिला तो जोर नसतो, आली त्याच वाटेनं ती परत जाते. म्हणजे जिथे तुम्ही रोज गाडी चालवता, तिथलाच दम कमी होतो.

२००९ साली एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून मी एका एस्टीममध्ये असाच मोठा कॅम बसवला होता. पन्हाळ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये साडेचार हजारापर्यंत गाडी नुसती रडायची, त्यानंतर मात्र सुसाट. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला एसी चालू असला की बंद पडायची. चार महिन्यांनी मूळ कॅम परत बसवला. त्या माणसाचे पैसे गेले याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्याला ठामपणे नको म्हणणं माझं काम होतं.

तुमच्या १२९८ सीसीच्या सोळा व्हॉल्व्ह इंजिनाबाबत आणखी एक गोष्ट आहे. त्याचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजून पेट्रोल ठरवतो. कॅम मोठा असला की जळका गॅस बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधीच इनटेक बराच वेळ उघडलेला असतो. त्यामुळे आयडलिंगला जळका गॅस मॅनिफोल्डमध्ये शिरतो आणि व्हॅक्यूम पडतो. ईसीयूला वाटतं लोड आलाय, तो पेट्रोल वाढवतो. प्लग काळे, धुराला पेट्रोलचा वास, आणि पीयूसीत नापास. तुमची गाडी पंधरा वर्षं उलटलेली, तिची नोंदणी टिकवायची तर हे परवडणार नाही. ब्रेकचा बूस्टरही याच व्हॅक्यूमवर चालतो, हे तर अजिबात विसरू नका. मिरज-कोल्हापूरच्या उंचीवर निरोगी इंजिनाला व्हॅक्यूम गेज लावला तर त्याचा काटा आयडलिंगला सोळा-सतरा इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर राहतो. २००९ च्या त्या गाडीचा दहा-अकरावर थरथरत होता आणि ब्रेकचं पेडल लाकडासारखं लागायचं.

आता एक काम करा. आठवडाभर रोज घरी आल्यावर लिहून ठेवा, जास्तीत जास्त वेळ टॅकोमीटरचा काटा कुठे होता. माझा अंदाज, दीड ते साडेतीन हजार. कॅम त्या पट्ट्यासाठी घ्यायचा. २५६ ते २६४ च्या दरम्यानचा चालेल. मात्र डिग्री कुठून मोजली ते विचारा. कोणी व्हॉल्व्ह हलल्याक्षणापासून मोजतो, कोणी एक मिलिमीटर उचलल्यावर. एकाच कॅमचे दोन आकडे येतात आणि माणूस फसतो.

जुनाच कॅम ग्राइंड करून देतो असं कोणी म्हणालं तर सावध. लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलण्याची उंची, वाढवायला लोबची (कॅमवरच्या फुगवट्याची) पाठ घासतात. वरचा कडक थर पातळ होतो आणि रॉकरचा (कॅमवरून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचा) टॅपेट स्क्रू, ज्यानं व्हॉल्व्हची फट जुळवतात, तो पार शेवटच्या आट्यांवर येतो.

बसवताना मी एक गोष्ट कधीच टाळत नाही. मुलांची खेळायची माती घ्यायची, पिस्टनच्या डोक्यावरल्या खाचांत लावायची, वरून तेलाचं बोट फिरवायचं, म्हणजे व्हॉल्व्हला चिकटत नाही. हेड ठेवून, टायमिंग जुळवून, टॅपेट बसवून इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं. हेड उतरवलं की मातीत व्हॉल्व्हचे ठसे दिसतात. सर्वांत पातळ जागी ब्लेडनं काप घ्यायचा आणि उरलेली जाडी व्हर्नियरनं मोजायची. इनटेकला दोन, एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर असली तर मी निश्चिंत होतो. स्प्रिंगही बघायला सांगा, पूर्ण लिफ्टला वेढ्यांमध्ये मिळून दीड मिलिमीटर तरी जागा उरली पाहिजे.

आणि हे सगळं करण्याआधी कॉम्प्रेशन तपासा, टॅपेट सेट करून घ्या, टायमिंग बेल्टची खूण बघा. वीस वर्षांच्या गाडीत बेल्ट एक दात सरकलेला निघाला तर तुमचा हरवलेला पिकअप तिथेच सापडेल आणि कॅमचे पैसे वाचतील.

बसवलाच, तर लोबला असेंब्ली पेस्ट लावून, स्टार्ट झाल्याबरोबर वीस मिनिटं दोन ते अडीच हजारावर ठेवा. त्या वीस मिनिटांत आयडलिंगला सोडायचं नाही. पाचशे किलोमीटरनंतर तेल बदला आणि थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा तपासा.