माळ्यावरची खाऱ्या पाण्यातल्या माशांची आणि प्रवाळांची टाकी दोघांनी पुन्हा लावताना

जुनी वाळू सरळ फेका. खडक ठेवा, पण नुसता धुऊन टाकीत घालू नका. वाळलेल्या खडकात मेलेले जीव आणि फॉस्फेट मुरलेलं असतं, ते महिनोन्महिने पाण्यात उतरतं आणि केसाळ शेवाळ माजतं. खडक खाऱ्या पाण्यात पंप लावून अंधारात ठेवा, दर आठवड्याला फॉस्फेट मोजा. चढत असेल तर पाणी बदला. टाकीही आठवडाभर पाणी भरून बाहेर ठेवा, जुना सिलिकॉन दगा देतो.

पाणी आरओ-डीआयचंच (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारं गाळण), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. स्वयंपाकघरातला आरओ इथे कामाचा नाही. लिटरला साधारण 36 ग्रॅम मीठ, लक्ष्य 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार). रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं साधन, 35 पीपीटीच्या द्रावणानेच जुळवा. बाष्पीभवनाची भर मात्र गोड्या पाण्याने. मीठ उडत नाही, त्यामुळे खारं पाणी ओतलंत की खारटपणा चढत जातो.

मग टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू बसलेत का हे बघायला अमोनिया घालून 2 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत 2 भाग) न्या. 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, तरच पहिला मासा. प्रवाळ त्यानंतर, तेही झोआंथिड किंवा मशरूम या प्रवाळांसारखे दणकट.

दोघांच्या टाकीत हमखास होणारा घोळ म्हणजे माशांना दोनदा खाणं आणि क्षारता वाढवणाऱ्या द्रावणाचा दोनदा डोस. क्षारता 8 ते 9 डीकेएचवर (क्षारता मोजायचं एकक) ठेवा, दिवसात 1 पेक्षा जास्त हलवू नका. चाचणी कायम एकानेच करावी, कारण रंग प्रत्येकाला वेगळा दिसतो. डोस दुसऱ्याने द्यावा, आणि दिल्या दिल्या टाकीजवळच्या वहीत लिहावा. एप्रिल-मेसाठी पंख्याची सोय आत्ताच करा. 29 अंशांपुढे प्रवाळ पांढरे पडू लागतात.